झाडाचा विमा

"झाडाची काळजी करू नका, झाडाचे पैसे मिळतील," विमा कचेरीतली बाई म्हणाली आणि मी तिच्या तोंडाकडे बघतच राहिले. मी झाडाबद्दल विचारलंच नव्हतं. मी गाडीबद्दल विचारत होते. वोल्फ्सबुर्गहून आमच्या गावाकडे येणाऱ्या रस्त्यावर एक लिंडनचं झाड आहे, त्याची दोन फूट साल मी आदल्या सकाळी सोलून काढली होती. ते नुकसान म्हणे माझ्या सक्तीच्या विम्यातून रस्ते खात्याला भरून मिळणार होतं. गाडीला मात्र दमडीसुद्धा मिळणार नव्हती. गाडी बँकेच्या कर्जावर होती. साठ हप्त्यांपैकी फक्त एक गेला होता, आणि गाडीचं नाक पार आत घुसून तिचा चेंदामेंदा झाला होता.

हे कसं झालं ते सांगायचं तर सुरुवात माझ्या शहाणपणापासून करावी लागेल.

वोल्फ्सबुर्ग हे गाड्या बनवणारं गाव आहे आणि तिथे गाडीशिवाय राहणारा माणूस म्हणजे लोकांच्या दृष्टीने जरा वेडाच. मी पाच वर्षं ते वेड निभावलं. एका छोट्या फर्ममध्ये गाड्यांचं सॉफ्टवेअर तपासायची नोकरी, आणि ये-जा बसने. नवऱ्याची नोकरी म्युनिकला. तिथलं भाडं त्याचा निम्मा पगार खायचं, म्हणून तो तिथे एका खोलीत आणि मी इकडे, शनिवार-रविवारचा संसार. त्या वर्षी सप्टेंबरात नागपूरहून बाबा तीन महिन्यांसाठी आले, एकटेच. आईला एवढा प्रवास झेपत नाही.

बाबांनी एकतीस वर्षं बस डेपोत मेकॅनिकचं काम केलं. माझ्या लहानपणी बाबा म्हणजे बसखालून बाहेर आलेले दोन पाय. दुसऱ्यांच्या हजारो गाड्या त्यांनी रस्त्यावर सोडल्या, स्वतःची चारचाकी कधी झाली नाही. इथे आल्यापासून ते रोज सकाळी बसथांब्यावर जाऊन नुसते गाड्या बघत उभे राहायचे. घरी येऊन मला हिशोब द्यायचे, आज इलेक्ट्रिक किती, डिझेल किती, कुणाच्या सायलेन्सरचा आवाज बरोबर नव्हता. ते बघून मला राहवलं नाही. कारखान्यातली माणसं वर्षभर चालवलेली गाडी कमी भावात विकतात, तिला इथे यारेसवागेन म्हणतात. तशी एक निळी गाडी मी ठरवली. कर्ज बँकेचं. गाडी माझ्या गॅरेजात आणि तिचा मूळ कागद बँकेच्या तिजोरीत, अशी इथली रीत.

"बाबा, शनिवारी गाडी येतेय. रविवारी फिरायला जाऊ," मी म्हटलं.

बाबांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. "थांब न माय. चौदा तारखेले काढू."

चौदा ऑक्टोबर. धम्मचक्र प्रवर्तन दिन. आमच्या आजोबांनी त्या दिवशी नागपूरच्या त्या मैदानात उभं राहून दीक्षा घेतली होती, अंगावर उसना पांढरा सदरा घालून. आमच्या घरातली प्रत्येक मोठी गोष्ट त्या दिवसाला येऊन थांबते.

तरी मी म्हटलं, "बाबा, म्हणजे मुहूर्तच झाला की!"

"मुहूर्त कायले? मुहूर्त भटजी काढते. हा दिवस आहे आपला."

आता यातली गंमत अशी, की त्याच आठवड्यात मी ऑफिसातल्या एका पुणेरी मैत्रिणीची यथेच्छ टर उडवली होती. तिने पितृपक्ष लागला म्हणून नव्या फ्लॅटच्या करारावर सही करायचं लांबवलं होतं. "तुमचे पितर काय जर्मनीचा व्हिसा काढून येतात का गं?" असं मी तिला कँटीनमध्ये सगळ्यांसमोर विचारलं होतं. आम्ही मुहूर्त न मानणारी माणसं! आणि आमची गाडी पंधरा दिवस गॅरेजात झाकून ठेवायची ठरली. विक्रेत्याकडून घरी चार किलोमीटर मी ती चालवत आणली, तर बाबा म्हणाले, "ते मोजायचं नाही. आणणं वेगळं, काढणं वेगळं." मी हसले आणि मान्य केलं. त्यात मला काही वावगं वाटलं नाही, अजूनही वाटत नाही.

वावगं केलं ते मी, विमा कचेरीत, एकटीने.

इथे सक्तीचा विमा असतो तो दुसऱ्याच्या नुकसानीचा. तो नोंदणीच्या दिवसापासून चालू होतोच. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा वेगळा घ्यावा लागतो, त्याला फोलकास्को म्हणतात, आणि कर्जाच्या गाडीला बँक तो घ्यायलाच लावते. कचेरीतल्या बाईने विचारलं, फोलकास्को आजपासूनच ना? माझ्या डोक्यात दिवा लागला. गाडी चौदापर्यंत गॅरेजातून हलणारच नाही, मग एवढे दिवस कशाला भरायचे? सत्तर युरो वाचत होते. मी म्हटलं, चौदा ऑक्टोबरपासून करा. ती म्हणाली, बँकेला प्रमाणपत्र लागेल. मी म्हटलं, चौदाला पाठवते. ती म्हणाली, नक्की? आणि मी दोनदा मान हलवून जर्मनमध्ये म्हटलं, "जा, जा. गेनाऊ," म्हणजे हो, हो, अगदी. अतिशहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात ते खोटं नाही. घरी येताना त्या वाचलेल्या पैशांतून मी केक आणला होता. बाबांना किंवा नवऱ्याला यातलं काही सांगितलं नाही, कारण सांगण्यासारखं त्यात काही आहे असं मला वाटलंच नाही.

नऊ तारखेला, सोमवारी, बसवाल्यांचा एक दिवसाचा संप होता. बाबांचा पुढचा दात तीन दिवस ठणकत होता, ओठ सुजून वर आला होता आणि सव्वाआठला शहरात दाताच्या डॉक्टरची वेळ मिळाली होती. इथे ती वेळ चुकली की पुढची सहा आठवड्यांनी. टॅक्सीवाले फोन उचलत नव्हते.

"बाबा, गाडी काढते."

बाबांनी सुजलेल्या ओठावर हात धरला होता. "पाचच दिवस राहिले होते न," ते म्हणाले.

"दात थांबेल का पाच दिवस?"

ते तशा ओठाने हसले आणि बसले. बसल्यावर त्यांनी हाताचा पंजा डॅशबोर्डवर ठेवला आणि गाडी सुरू झाल्यावर डोळे मिटून इंजिन ऐकलं. "मस्त हाय," एवढंच म्हणाले. मला त्या क्षणी फार बरं वाटलं होतं. सहा मिनिटं ते बरं वाटणं टिकलं.

धुकं होतं, पण फार नव्हतं. शेत संपून झाडांची रांग सुरू होते तिथे डावीकडून हरीण आलं. इथे ड्रायव्हिंग शिकवताना शंभरदा सांगतात की जनावर आडवं आलं तर ब्रेक दाबा आणि सरळ राहा, स्टिअरिंग वळवू नका. मी वळवलं. हरीण गेलं निघून. समोर झाड आलं, आणि मग एक आवाज झाला. तो आवाज मला सांगता येत नाही. पांढरी भुकटी उडत होती, फटाक्यासारखा जळका वास येत होता आणि मला एवढंच कळत होतं की आपण श्वास घेतोय.

"बेटा, इग्निशन बंद कर," बाबांचा आवाज आला.

मी वळून बघितलं तर त्यांच्या हनुवटीवरून रक्त ओघळत होतं. माझ्या तोंडून किंकाळी फुटली. बाबांनी तोंडात बोट घातलं आणि हलणारा दात काढून माझ्यासमोर धरला. एअरबॅगने डॉक्टरचं काम करून टाकलं होतं. हे आता सांगताना लोक हसतात. तेव्हा माझे हात स्टिअरिंगवरून निघत नव्हते. बाबांनी एकेक बोट सोडवलं.

पोलीस आले, रुग्णवाहिका आली, गाडी ओढून नेणारा ट्रक आला. ट्रकवाला धिप्पाड, बोलका माणूस होता. त्याने गाडीभोवती एक चक्कर मारली, ओठ बाहेर काढून मान हलवली आणि म्हणाला, टोटालशाडेन, म्हणजे ही आता दुरुस्तीच्या पलीकडे गेली. मग फॉर्म भरताना सहज विचारलं, "फोलकास्को?"

मी "जा" म्हणायला तोंड उघडलं आणि ते उघडंच राहिलं. तोपर्यंत, शपथेवर सांगते, ती तारीख माझ्या मनात एकदाही आली नव्हती. गाडी काढताना नाही, आदळल्यावर नाही. आता आली. मी रस्त्याच्या कडेला ओल्या गवतात बसले. ट्रकवाल्याला वाटलं मला भोवळ आली. त्याने माझ्या खांद्यावर पांघरूण घातलं.

इस्पितळात बाबांना तपासलं. छातीवर पट्ट्याचा काळानिळा वळ आणि गेलेला दात, बाकी सगळं ठीक. बाबा नागपूरहून निघतानाच मी त्यांचा प्रवासविमा व्यवस्थित काढून दिला होता, त्यामुळे तिथे पैशांचा प्रश्नच आला नाही. बाबांचा विमा होता, झाडाचा होता. पलंगावर बसल्या बसल्या बाबांनी विचारलं, "गाडीचा विमा आहे न? इथं तर साऱ्याचाच असते."

मी म्हटलं, "तो चौदापासून होता, बाबा."

यात खोटं काहीच नव्हतं. पण मी तेवढंच म्हटलं आणि थांबले. का चौदापासून, कुणी केला, कशासाठी केला, यातलं काही बोलले नाही. बाबांचा चेहरा माझ्या डोळ्यांदेखत बदलला. त्यांनी मनात दोन आणि दोन चार केले आणि ते चार चुकीचे आहेत हे मला दिसत होतं. मी म्हटलं नर्सला बोलावते, आणि बाहेर गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी विमा कचेरीत झाडाची खुशखबर ऐकली. बाई वाईट नव्हती. तिने माझा अर्ज काढून माझ्यासमोर ठेवला, तारखेखाली माझी सही होती. तिथूनच बँकेला फोन लावला. बँकेतला माणूस आधी गोड बोलत होता. फोलकास्को नव्हता हे कळल्यावर त्याचा सूर बदलला. मग म्हणाला, करारातली अट मोडली आहे, अशा वेळी बँक सगळी रक्कम एकदम मागू शकते. सध्या पोलिसांचे आणि तपासनीसाचे कागद पाठवा. आणि मोडकी गाडी परस्पर विकायची नाही, ती बँकेची आहे. भंगाराचे जे येतील ते बँकेकडे जातील, उरलेलं कर्ज तुमचं. म्हणजे नसलेल्या गाडीसाठी मी पाच वर्षं हप्ते भरायचे. पुढे बँकेने तेवढी कृपा केली, एकदम मागितलं नाही. ते हप्ते आजही चालू आहेत.

नवरा रजा टाकून मंगळवारी संध्याकाळी म्युनिकहून आला. आधी मला जवळ घेतलं, बाबांच्या पाया पडला, त्यांचा वळ बघून त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. मग जेवणाच्या टेबलावर कागद पसरले आणि तो वाचायला लागला. वाचता वाचता थांबला.

"कास्को चौदापासून? अगं, का पण? कुणी सांगितलं होतं?"

मी तोंड उघडायच्या आत ओट्याकडून बाबा बोलले. ते चहा करत होते. "माझ्यामुळं झालं, जवाईबापू. मीच म्हटलं होतं, चौदा तारखेले."

नवरा स्वभावाने भला आहे. पण दोन दिवसांची भीती, सहा तासांचा प्रवास आणि समोर तो आकडा. तो बोलत सुटला. "बाबा, तुम्ही? तुम्ही आयुष्यभर लोकांना मुहूर्त-शकुन सोडा म्हणून सांगत आलात. वस्तीत भाषणं केलीत. आणि इथे येऊन तारखेसाठी विमा थांबवायला लावलात? आल्झो, म्हणजे मला कळतच नाहीये! एवढ्या शिकलेल्या मुलीला तुम्ही..." असं बरंच. आवाज चढवला नाही, पण शब्द चांगलेच लागणारे होते.

बाबा हातात गाळणं धरून खाली मान घालून उभे होते. मी त्यांच्याकडे बघत होते. मला फक्त एक वाक्य बोलायचं होतं. गाडी त्या दिवशी काढू असं बाबा म्हणाले होते, विमा त्या दिवशी सुरू कर असं म्हणाले नव्हते. ते मी केलं, सत्तर युरोंसाठी. एवढंच. ते वाक्य माझ्या जिभेवर होतं, आणि ते तिथेच राहिलं. मी गप्प बसले. बाबांनी चहा गाळला, जावयापुढे कप ठेवला आणि म्हणाले, "चुकलंच माझं."

अपघाताने मी हादरले होते, पण त्या संध्याकाळी स्वतःचं जे दर्शन मला झालं त्याची तुलना त्याच्याशी होणार नाही. नोकरीत मी रोज लोकांच्या चुका शोधून त्यांच्या नावानिशी नोंदवते. आणि माझी चूक माझ्या म्हाताऱ्या बापाने उचलून स्वतःच्या डोक्यावर घेतली, तर मला आधी काय वाटलं असेल? सुटल्यासारखं वाटलं. शरम नंतर आली.

ती आली तरी तोंड उघडलं नाही. बुधवारी वाटलं, नवरा शांत झाला की सांगू. गुरुवारी पहाटे त्याला परत जावं लागलं, त्या आठवड्याअखेर त्याच्या कंपनीचं काही सॉफ्टवेअर रिलीज होतं. जाताना तो बाबांशी नीट बोलला, पण फक्त कामापुरतं.  बसथांब्यावर जाणं बाबांनी बंद केलं होतं. मी मनाशी म्हणायचे, फोनवर कसं सांगायचं, चौदा जाऊ दे, मग सांगू. म्हणजे मीही तारीखच काढत बसले होते.

चौदाला, शनिवारी, हॅनोव्हरला आपल्या लोकांचा कार्यक्रम होता. आम्ही ट्रेनने गेलो. भाड्याचा हॉल, पांढरे कपडे, म्युनिकपासून हॅम्बुर्गपर्यंतची माणसं. वंदना झाली, जेवणं झाली. बाबा एरवी अशा ठिकाणी फुलून येतात, त्या दिवशी मागच्या खुर्चीवर बसून होते. कुणीतरी त्यांना दोन शब्द बोलायला सांगितलं तर हात जोडून नको म्हणाले. तेवढ्यात माझा फोन वाजला. नागपूरहून आई.

"काय चाललंय गं तिकडं? हे म्हणतेत एफडी मोडायची. वरच्या खोलीची. बँकेत जाऊन फॉर्म आणून ठेव म्हणतेत, आलो की सही करतो. मी विचारलं कायले, तर म्हणे पोरीचं माझ्यानं नुकसान झालं. कसलं नुकसान?"

वरची खोली म्हणजे आमच्या नागपूरच्या घरावर बांधायची खोली. गेली अकरा वर्षं ते त्या खोलीसाठी पैसे साठवत होते, पेन्शनमधून, थोडे थोडे. आईला मी काय उत्तर दिलं ते मला आठवत नाही. हॉलच्या बाहेर कोटांच्या खुंट्या होत्या, त्यांना धरून मी उभी होते एवढं आठवतं.

परतीच्या गाडीला पंधरा मिनिटं होती. हॅनोव्हरच्या फलाटावर, उभ्या उभ्या, मी सांगितलं. काही राखलं नाही. सत्तर युरो, कचेरीतल्या बाईचं "नक्की?", माझी सही, इस्पितळातलं अर्धं वाक्य, सगळं. "तुमच्या तारखेचा यात काही संबंध नाही बाबा. एफडीला हात लावायचा नाही."

बाबांनी पूर्ण ऐकलं. मग विचारलं, "जवायाले माहीत आहे?"

"नाही."

त्यांनी रुळांकडे तोंड फिरवलं. मला वाटलं रागावतील. रागावले असते तर मला हलकं वाटलं असतं.

"त्या दिवशी जवाई बोलत होते," ते म्हणाले, "तेव्हा तू माह्याकडं पाहत होती. मले वाटलं, पोरगी माह्यासाठी गप्प आहे. बापाले आणखी लाज वाटू नये म्हणून बोलत नाही." मग म्हणाले, "चार रात्री तेवढ्यावरच झोप लागली मले."

गाडी आली. आम्ही समोरासमोर बसलो. मी तिथेच नवऱ्याला फोन लावला आणि भरल्या डब्यात, मराठीत, मोठ्याने, सगळं पुन्हा सांगितलं.  पलीकडून तो अगदी हळू म्हणाला, "बाबांना दे."

मी फोन पुढे केला. बाबांनी नको म्हणून मान हलवली आणि खिडकीबाहेर बघत राहिले. वोल्फ्सबुर्ग येईपर्यंत मी फोन तसाच धरून बसले होते, आणि नवराही पलीकडे तसाच थांबून होता. बाबांनी तो घेतला नाही.